दम राखून बोलणारी रत्नाक्का

रत्नाक्का भांडण दोन भागांत करते.

पहिला भाग जिन्याच्या तळाशी आणि दुसरा पहिल्या मजल्यावर. मधल्या वेळात ती कठड्याला टेकून उभी राहते, ओठांचा चंबू करून श्वास सोडते आणि समोरच्याला एक बोट वर करून दाखवते. म्हणजे, थांब, संपलेलं नाही. नवल असं की माणसं थांबतात. कसबा बावड्यातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. तिथं खांद्यावर भरलेली गॅसची टाकी घेऊन उरलेल्या शिव्यांची वाट बघत उभा राहिलेला टाकीवाला मी या डोळ्यांनी बघितलाय. टाकी दारात आपटली, एवढाच त्याचा गुन्हा. मी म्हटलं, "जा की रे तू, कशाला ताटकळतोस?"

"न्हाय आजी," तो म्हणाला, "अर्धं ऐकून गेलं की दिवसभर चुकल्यासारखं वाटतंय."

अक्काचं एक पालुपद आहे. "दम फुकटचा न्हाय." त्यामुळं ती नमस्कार-चमत्कार करत नाही, नुसती हनुवटी हलवते. माणसांची नावं तिनं छाटून टाकली आहेत. मुलगा ज्ञानेश्वर, त्याचा झाला 'ज्ञाना'. सून वैशाली, तिची 'वैशे'. मी मूळची शिवाजी पेठेतली, म्हणून मी 'पेठ'. 'शिवाजी' सुद्धा म्हणत नाही, तेवढा दम वाचतो. एकदा विम्याचा एजंट तिच्या सोफ्यावर बसून पाऊण तास बोलला. अक्का हूं की चूं न करता ऐकत होती. तो घाम पुसत म्हणाला, "मग काय ठरवलं काकी?" अक्का म्हणाली, "पाणी पी. दमलास." एवढंच. तो पाणी पिऊन गेला तो परत आला नाही.

आता तिचा दम गेला कुठं, ते सांगते. तो गेला आजऱ्याला. काजूच्या कारखान्यात तीस वर्षं ती भट्टीजवळ बसली. काजूबी भाजली की टरफलातलं तेल जळतं आणि त्याचा काळा, झोंबरा धूर निघतो. पत्र्याच्या शेडमध्ये तो धूर फिरत राहायचा आणि त्यातच बायका ओळीनं बसून बिया फोडायच्या. अक्काच्या बोटांवर त्या तेलाचे डाग अजून आहेत. ओळीत सात जणी होत्या. आता तिघी उरल्यात, हलिमा, शेवंता आणि सुंदरा. त्याही आपापल्या उंबऱ्यावर धापा टाकत बसलेल्या असतात. नवरा वारल्यावर मुलानं अक्काला कोल्हापूरला आणलं. दिवसभर मुलगा-सून कामावर, आणि ही खिडकीत.

माझा दम मात्र मी स्वतः, हौसेनं, मिरवत घालवला. पेठेतल्या घरी गॅस आला तेव्हा मी पंचविशीतली होते आणि अक्कल त्याच्या निम्मी. थोरली जाऊ गॅसवर दहा मिनिटांत स्वयंपाक उरकून मासिक वाचत बसायची. आणि आमची ही राणीसरकार! "गॅसवरची भाकरी म्हणजे पुठ्ठा" असं जाहीर करून परड्यात चूल मांडून फुंकत बसली. का, तर एकदा मामंजी म्हणाले होते, "भाकरी खावी तर धाकटीच्या हातची." त्या एका वाक्यावर मी पंधरा-सोळा वर्षं धूर गिळला. मामंजींचे दात पडले, पुढं ते वारले, तरी मी भाकऱ्याच थापत होते. ती तरुण बाई आज मला भेटली तर तिच्या हातातली फुंकणी काढून घेऊन तिच्याच पाठीत घालीन.

तर अशा आम्ही दोघी, एकीचा दम मजुरीत गेलेला आणि दुसरीचा मोठेपणात, एकाच रिक्षानं शहरातल्या एका हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण आवाज असा की पेशंट खोकायचा थांबावा.

"बिडी ओढता का आजी?" त्यांनी अक्काला विचारलं.

"न्हाय. काजू भाजला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, दम्यासारखा हा जुनाट आजार आहे, फुप्फुसं परत नवी होत नाहीत, तोंडानं ओढायचा औषधाचा पंप तर घ्यायचाच. पण एक संशोधन चालू आहे, एकाच वेळी कितीतरी देशांत. जिथं चुलीचा, भट्टीचा, खाणीचा धूर आणि धूळ माणसांच्या छातीत गेली आहे, तिथं सगळीकडं एकच प्रश्न विचारतायत. भारी यंत्रं नसताना, नुसती खुर्ची, पाण्याच्या बाटल्या आणि चालायला कॉरिडॉर एवढ्यावर आठ आठवडे वर्ग घेतला, तर माणसाला आहे त्या दमात जास्त जगता येईल का?

अक्कानं बोट वर केलं. "हे आजऱ्याला कधी?"

"आजऱ्याला?"

"तालुक्याच्या दवाखान्यात. तिघी हायत माझ्या."

मॅडम म्हणाल्या, आधी सिद्ध व्हायला हवं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करणार. एकाला वर्ग, दुसऱ्याला नुसतं माहितीपत्रक आणि नेहमीची औषधं. शेवटी दोन्ही गटांना चालवून बघणार. दोघांत फरक दिसला, तर सगळीकडं वर्ग काढा म्हणून सरकारपुढं मांडता येईल. पत्रकवाल्यांना नंतर वर्ग मिळेलच.

अक्का हे सगळं कान देऊन ऐकत होती. मी मॅडमच्या कानातल्या रिंगा बघत होते. सोन्याच्या की मुलाम्याच्या, ते ठरत नव्हतं. ते न ऐकणं मला पुढं चांगलंच नडलं.

मग एक प्रश्नावली भरायची होती. ती सगळ्या देशांत एकच, आपल्यासाठी मराठी केलेली. विचारणारी मुलगी बिचारी गोड होती.

"पायमोजे घालताना धाप लागते का?"

"पायमोजं न्हाईत," अक्का म्हणाली.

"मग काय लिहू?"

"लिही, धाप न्हाय."

"बागेतली हलकी कामं करताना?"

"बाग न्हाय. तुळस हाय."

"मग तुळशीला पाणी घालताना?"

"तुळस किती पाणी पिती? तांब्याभर. त्येला कसली धाप?"

अशानं कागदावर अक्का एकदम ठणठणीत निघाली. शेवटी त्या मुलीनं शहाणपणानं विचारलं, "अक्का, कशानं धाप लागते ते तुम्हीच सांगा."

"पीठ मळताना. डोक्यावरनं न्हाताना. आन कुणी मेल्यावर, रडताना."

मुलीनं ते समासात लिहून घेतलं.

पुढची परीक्षा नळीत फुंकायची. "फुंका फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून, अजून!" असं तो तंत्रज्ञ स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असल्यासारखा ओरडत होता. अक्कानं एकदा फुंकलं. "आणखी दोनदा," तो म्हणाला. अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आपसूक आपला आवाज कमी केला. मग तिनं फुंकलं, दोनदाच नाही, तीनदा. "आजऱ्याचं काम हाय," मला म्हणाली, "खर्चू दे." नंतर जमिनीवर ठेवलेल्या दोन नारिंगी, शंकूसारख्या टोप्यांच्या मधून सहा मिनिटं येरझाऱ्या. अक्का चार वेळा थांबली. मी तीनदा. तेवढ्यावरही मी मान ताठ करून आले, काय सांगू!

गट पाडायचं काम दूर कुठल्यातरी देशातल्या कंप्युटरकडं होतं. इथं मॅडमनी बटण दाबलं आणि उत्तर आलं. अक्काला वर्ग, मला पत्रक.

अक्का खुर्चीतनं उठली. "त्येला सांगा, आम्ही दोघी एका रिक्षानं आलोय."

"अक्का, त्याला तसं सांगता येत नाही."

"का? फोन न्हाय तितं?"

मॅडमनी हसू आवरलं आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, "एक वचन द्या. वर्गात शिकाल ते या आजींना किंवा दुसऱ्या गटातल्या कुणालाही सांगायचं नाही. नाहीतर सगळ्याचा घोळ होईल." अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग दोन बोटं गळ्याला लावून म्हणाली, "आजऱ्याच्या रवळनाथाची आण. तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

आणि तिनं वचन असं पाळलं की मला तिचा रागच आला. वर्गाच्या दिवशी ती जिन्यात माझ्याशी हवापाण्याचं सुद्धा बोलायची नाही. मी विचारलं, "आज काय केलं गं?" तर पदर तोंडावर घ्यायची. मी म्हटलं, "निदान चहा तरी दिला का तिथं?" तरी पदर. तिच्या खोलीत फोन वाजायचा. आधी हलिमा-शेवंताचा फोन आला की ही लगबगीनं उचलायची. आता वाजू द्यायची. वाजून वाजून बंद पडेपर्यंत मांडीवर हात ठेवून फोनकडं बघत बसायची. मला वाटलं, वर्गात जायला लागली आणि शिष्ट झाली.

हे मला दिसायचं कसं? तर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्या खोलीची खिडकी समोरासमोर. मधे दोन हात मोकळी जागा, पाइपं जायला ठेवलेली.

चोरून बघणं हा माझा जुना धंदा. नवी नवरी होते तेव्हा जावेचा पांढरा रस्सा आख्ख्या पेठेत नावाजलेला, आणि ती कुणाला कृती सांगायची नाही. मी दाराच्या फटीतनं बघून पाठ केली. नेमकी एक जिन्नस घालताना मला शिंक आली. आठ दिवसांनी पावणे आले तेव्हा मी मोठ्या रुबाबात रस्सा केला. पावण्यांनी एकेक घोट घेतला आणि सगळ्यांनी मिळून पाणी मागितलं. मामंजी म्हणाले, "हे औषध कुणाला चालू आहे?" जिन्नस कुठली हुकली ते मला अजून माहीत नाही.

यावेळी मी शिंकले नाही. रोज सकाळी दहाला, तिची सून कामावर गेली की अक्का खुर्ची खिडकीजवळ ओढायची. हात छातीशी बांधून खुर्चीतनं उठायचं, बसायचं. "येक... दोन..." मोठ्यानं मोजत. मग पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत वर, खाली. नाकानं श्वास आत आणि बशीतल्या गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू बाहेर. मग पलंगाभोवती चालणं. धाप लागली तर थांबायचं, वाकून गुडघ्यावर हात टेकायचे, आणि परत. इकडं मी ओट्याशी लपून, तिच्यामागनं एकेक. ती दहा, मी दहा. तिनं दोन आठवड्यांनी बारा केले, मी बारा. मनात म्हणायचे, काय चोर पकडलाय मी! वचन पाळते म्हणे. पडदा तर नीट लावता येत नाही हिला.

सातव्या आठवड्यात मी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले आणि वर पोचल्यावर कळलं की मधे थांबलेच नाही. मिरच्या तशाच टाकून मी खाली आले आणि परत वर गेले. उगीच. माझी सून म्हणाली, "आई, काय विसरलं?" म्हटलं, "वय."

शेवटच्या चाचणीला आम्ही पुन्हा एका रिक्षानं गेलो. मी अगदी चौकात मिरवणूक निघाल्यासारखी बसले होते. कॉरिडॉरमधल्या बाकावर एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. त्यांनी मॅडमना विचारलं, "निकाल कसा लावणार हो?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही गट किती चालले त्यातला फरक बघायचा. सगळ्या देशांतला मिळून. वर्गातले जास्त चालले तर वर्ग उपयोगाचा. पण पत्रकातलेही तेवढेच चालले, तर वर्गाची गरज नाही असाच अर्थ निघेल."

आठ आठवड्यांपूर्वी मी रिंगा बघत होते तेव्हा हेच सांगितलं होतं तर! म्हणजे मी जितकं झपझप चालणार तितका वर्ग फुकाचा ठरणार. मी चोरून केलेल्या एकेका उठाबशीनं हलिमा, शेवंता आणि सुंदरा उंबऱ्यावरच राहणार. शेजारी अक्का हातात पिशवी धरून, ओठ मिटून बसली होती. तिला काही सांगायचं धैर्य होईना.

माझं नाव पुकारलं. मी उठले आणि ठरवून टाकलं, चालायचंच नाही.

शाळेत असताना नाटकात घेतलं नाही म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. बाईंचा निर्णय योग्य होता, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मी छातीवर हात ठेवला, एक पाय ओढला, भिंत धरली, डोळे वर केले. घड्याळ धरलेली मुलगी घाबरली. "आजी, थांबायचं का?" मी क्षीण आवाजात म्हटलं, "नको बाळ, ओढते जिवाला."

आणि कॉरिडॉरच्या टोकाकडनं आवाज आला.

"ए पेठ! सरळ चाल की! जिन्यात उड्या मारत जातीस आन हितं मेल्यावाणी का चालायलीस?"

आख्खा कॉरिडॉर वळून बघायला लागला. अक्काला इतकं लांब वाक्य एका दमात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते तिला झेपलंही नाही. ती बाकाला धरून वाकली, नर्स धावली, मॅडम खोलीतनं बाहेर आल्या. अक्कानं बोट वर केलं. नर्स थांबली, मॅडम थांबल्या, कंडक्टर थांबले. मीही एका टोपीजवळ एक पाय उचललेलीच थांबले. अक्कानं फुंकर घालत श्वास सोडला, एकदा, दोनदा, तीनदा.

"खोटं चाललीस," ती म्हणाली, "तर आजऱ्याला... बी... खोटंच जाईल."

मॅडमनी चाचणी रद्द केली. अर्धा तास बसवलं आणि परत चालवलं. यावेळी मी चालले, खरी. एकदाही थांबले नाही. मुलगी म्हणाली, "छान आजी!" आणि मला रडू आलं, हे असलं 'छान' कुठं ठेवायचं कळेना.

मग मॅडमच्या खोलीत मी सगळं ओकून टाकलं. खिडकी, ओटा, दहा, बारा, गच्ची. म्हटलं, "चोरून बघितलं मी. हिचा काही दोष नाही. हिनं रवळनाथाची आण पाळली."

"चोरून न्हाय," अक्का म्हणाली. "पडदा मीच सारला हुता."

मी गर्रकन तिच्याकडं वळले.

"खुर्ची बी मीच खिडकीशी वढली. मोठ्यानं मोजलं." मग मॅडमकडं वळून, "तोंडातनं शिकवल्याचा शब्द काढला न्हाय. आकडं म्हटलं. आकडं समद्यास्नी येत्यात."

"पण का अक्का?" मॅडमनी विचारलं. "तुम्हाला तर सगळं समजलं होतं."

अक्कानं माझ्याकडं हनुवटी हलवली. "ही समोर भांडी घासायची. खोकत. दर पातेल्याला थांबायची." श्वास. "ते बघत बघत पडदा कसा लावू?"

मॅडमनी डोक्याला हात लावला नाही. कागद ओढला आणि सगळं जसंच्या तसं लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, "माझं नावच खोडा की."

"नाही खोडता येत. ज्या गटात नाव आलं त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं. गैरसोयीची माणसं खोडायला लागलो तर निकालाला अर्थ काय राहिला? जे घडलं ते लिहून ठेवायचं."

"मग आजऱ्याचं बुडालं?"

"आजी," मॅडम पेन न थांबवता म्हणाल्या, "एवढ्या देशांचं काम एकट्यानं बुडवण्याइतक्या मोठ्या नाही तुम्ही."

सत्तरी ओलांडल्यावर एखादीला आपली खरी उंची कळावी ती अशी.

अक्कानं बोट वर केलं. "आता शपथ सुटली? आजऱ्याच्यांस्नी सांगू?"

"आजऱ्याच्या मैत्रिणींना?" मॅडमनी पेन ठेवलं. "त्या कुठं आहेत या संशोधनात? शपथ फक्त आमच्या दुसऱ्या गटापुरती होती. त्यांना तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगू शकला असता."



"व्हय?" अक्का म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात तो वाजत राहिलेला फोन आला. "अगं, म्हणून तू उचलत नव्हतीस?"

"उचलला असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "ऱ्हावलं नसतं."

मॅडमचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली अक्का, मी नीट सांगायला हवं होतं." अक्कानं हात हलवून ते उडवून लावलं. तिला माफी ऐकत बसायला वेळ नव्हता. तिनं पिशवीतनं वर्गाचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "काय काय जपायचं, ते सांगा. समदं." मॅडमनी सांगितलं: आधी तिघींना तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घ्यायचं, बोटाला लावतात त्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा बघायचा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात. छातीत दुखलं, चक्कर आली, की थांबायचं. पंप सोडायचा नाही. अक्का प्रत्येक वाक्याला एकेक बोट दुमडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अक्का आजऱ्याला गेली. आठ दिवसांत तिघींना ओढून दवाखान्यात नेलं, तपासण्या करवल्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, परत आली, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा निघाली. यावेळी मीही बरोबर. शिकवणार म्हणून नव्हे, एवढ्या लांब तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून. अडीच तासांत ती दोन शब्द बोलली. "खिडकी लाव."

हलिमाच्या अंगणात तिघी बसल्या होत्या. हलिमा सगळ्यांत थकलेली, गळ्याजवळ श्वासागणिक खड्डा पडणारा. तोंड मात्र शाबूत.

"आली बघा कोल्लापूरची मडमीन!" ती म्हणाली. "दवाखान्यात तर न्हेतीस, पर आठ आठवडं फोन का उचलला न्हाईस, ते अजून सांगितलं न्हाईस. आम्ही समजलो, मेली. ही शेवंता रडली बी."

"मी न्हाय रडलो," शेवंता म्हणाली. "सुंदरा रडली."

"कामात हुतो," अक्का म्हणाली.

"कसल्या कामात?"

अक्का उत्तर देईना. शपथ, कंप्युटर, दुसरा गट, हे सगळं सांगायला दम किती लागला असता! तेव्हा मीच सांगितलं. पडद्याचंही सांगितलं. तिघी ऐकत राहिल्या आणि मग हलिमा अशी हसायला लागली की तिला खोकल्याची उबळ आली. अक्कानं तिची पाठ धरली. उबळ ओसरल्यावर हलिमा मला म्हणाली, "पावणं, ही खोड जुनी हाय हिची. शेडात आम्ही ओळीनं बसायचो. कुणाला ताप, कुणाचं पोर आजारी, कुणाचा हात भाजलेला. तिची पाटी कमी भरायची, मग मुकादम बोलायचा. ही आपल्यातली मूठ हळूच तिच्या पाटीत सारायची. बघायची तिकडं भट्टीकडं, आन हात हिकडं. कवा तोंडानं सांगितलं न्हाय. माझी थोरली पोटात हुती तवा चार महिनं माझी पाटी हिनंच भरली. मला वाटायचं, माझाच हात चालतोय."

"गप," अक्का म्हणाली. "दम घालवू नको." आणि तिनं घरातनं खुर्ची आणून अंगणात मांडली. भिंतीला टेकवली, हलवून बघितली, हलिमाला बसवलं.

"हात छातीशी. नाकानं घे. फुंकत सोड. सोडताना ऊठ."

"मला न्हाय जमायचं."

"ऊठ."

हलिमा उठली. पाय थरथरत होते, ओठांतनं शीळ घातल्यासारखा श्वास निघत होता, पण ती उठली, सरळ झाली, आणि बसली.

"येक," अक्का म्हणाली. "पुरं आज."

"येकच?"

"उद्या दोन."

"उद्या तू कुटं हायस? उद्या तू तुझ्या कोल्लापुरात. पेठवाल्या पावण्यांच्या खिडकीत."

अक्कानं पायातल्या चपला काढल्या, हलिमाच्या चपलांच्या शेजारी भिंतीकडेला नीट लावल्या आणि मला म्हणाली, "वैशेला सांग. चार लुगडी पाठीव म्हणावं. आन दुसरा पंप."

किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही. दुपारच्या एसटीला वेळ होता. सुंदरा घरातनं दुसरी खुर्ची ओढत आणत होती, दर चार पावलांवर थांबत, आणि शेवंता तिला ओरडत होती, "जपून गं, माझी पाळी हाय आता, माझी."